समुद्रकिनाऱ्यावर डिटेक्टरने सापडलेली दोन जुनी चांदीची नाणी : पुढे काय करावे?

केंटवासी

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी मूळचा गुहागर तालुक्यातला. गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये केंट काउंटीत राहतो आणि समुद्र घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. गेल्या वर्षी मी एक वापरलेला मेटल डिटेक्टर विकत घेतला आणि तेव्हापासून सुटीच्या दिवशी सकाळी, ओहोटीची वेळ पाहून, मार्गेट ते रॅम्सगेट या पट्ट्यातील वाळूवर तो फिरवत असतो. शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या, गळाची शिशाची वजने, चालू चलनातील सुटे पैसे आणि पंचम जॉर्जच्या काळातील सहा पेन्सांची तीन नाणी, एवढीच माझी आजवरची मिळकत होती.

अकरा दिवसांपूर्वी मात्र वेगळे घडले. दोन दिवस पूर्वेचा जोरदार वारा वाहून गेल्यानंतर मी किनाऱ्यावर गेलो, तेव्हा वाळूला गुडघाभर उंचीची पायरी पडली होती आणि एरवी कधीच न दिसणारा खडूचा पांढरा खडक खाली उघडा पडला होता. त्या खडकाच्या एका खाचेत, गंजलेल्या खिळ्यांच्या शेजारी, एक पातळ काळी चकती मिळाली आणि तिच्यापासून पंचवीसएक पावलांवर तशीच दुसरी.

पहिल्या चकतीच्या बाबतीत मी जे केले ते लिहिताना मला वाईट वाटते. आमच्या घरी देवाची चांदीची उपकरणी रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासतात. त्याच सवयीने मी जुना ब्रश आणि टूथपेस्ट घेऊन ते नाणे घासले. काळा थर निघाला, राणीचा चेहरा दिसू लागला, तिच्या डोक्यामागे एक गुलाबाचे फूल दिसले आणि आणखी थोडे घासल्यावर तेच फूल माझ्या डोळ्यांदेखत पुसट झाले. मागच्या बाजूला लांब क्रूस आणि त्यावर ढाल आहे. ढालीच्या वर सन आहे, त्यातले 157 एवढे वाचता येते. चौथा आकडा घासण्यापूर्वी होता असे मला आठवते, पण तो आता नाही. दुसऱ्या नाण्याला मी हात लावलेला नाही. त्यावर दाढी असलेला राजा आणि त्याच्या मागे रोमन सहाचा आकडा दिसतो.

माझे प्रश्न असे आहेत. ही नाणी कोणती असावीत आणि दुसरे नाणे कसे स्वच्छ करावे? ती मी ठेवू शकतो की कोणाला कळवावे लागते? ओल्या वाळूवर माझे यंत्र सतत का किंचाळते? आणि येत्या डिसेंबरमध्ये गावी जाताना हे यंत्र सोबत नेऊन गुहागरच्या किनाऱ्यावर फिरवले तर चालेल का?

ओहोटी

आपण अकरा दिवस झाल्याचे लिहिले आहे, म्हणून कायद्याचे आधी सांगतो आणि बाकीचे नंतर.

इंग्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर कायदा लागू आहे. एकटे सुटे नाणे, कितीही जुने असले तरी, सर्वसाधारणपणे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. परंतु 300 वर्षांहून जुनी आणि निदान 10 टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच ठेव्यातील असतील, तर तो ‘ट्रेझर’ ठरू शकतो आणि तो सापडल्यापासून, किंवा तो ट्रेझर असावा अशी शंका आल्यापासून, 14 दिवसांच्या आत कोरोनरकडे (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याकडे) कळवणे बंधनकारक असते. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आपल्याकडे नेमकी दोन चांदीची नाणी आहेत आणि ती पंचवीस पावलांच्या अंतरावर मिळाली आहेत. ती एकाच ठेव्यातून सुटलेली आहेत की दोन वेगळ्या माणसांच्या खिशातून पडलेली आहेत, हे ठरवणे आपले काम नाही आणि माझेही नाही. प्रत्येक काउंटीसाठी फाइंड्स लायझन ऑफिसर, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी, नेमलेला असतो. त्याला उद्याच ईमेल करा. आपली माहिती तोच पुढे कोरोनरपर्यंत पोहोचवतो. एखादी वस्तू बुडालेल्या जहाजातील असण्याचा संभव असेल, तर तिचा मार्ग वेगळा आहे. ती 28 दिवसांच्या आत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. आपल्या किनाऱ्यासमोर गुडविन सँड्ससारखा जहाजांचा कर्दनकाळ ठरलेला वाळूचा दांडा आहे, म्हणून हेही फाइंड्स लायझन ऑफिसरला विचारून घ्या.

किनारा कोणाच्या मालकीचा आहे, हेही पाहायला हवे. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यापैकी जवळजवळ निम्मा भाग क्राउन इस्टेटच्या (राजसत्तेच्या नावे असलेली मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या) ताब्यात असून तिथे छंद म्हणून डिटेक्टर फिरवायला वैयक्तिक परवाना लागत नाही. बाकीचा पट्टा नगरपालिका, नॅशनल ट्रस्ट, संरक्षण खाते अशा अनेकांकडे विभागलेला आहे. मी कॉर्नवॉलमध्ये राहतो. इथे गनवॉलोजवळ ‘डॉलर कोव्ह’ नावाची एक लहानशी खाडी आहे. अठराव्या शतकात तिथे फुटलेल्या जहाजातील स्पॅनिश चांदीची नाणी वाळूत मिळत राहिली, त्यावरूनच तिला हे नाव पडले. इतके मोह घालणारे ठिकाण असूनही मी तिथे यंत्र नेत नाही, कारण ती जागा नॅशनल ट्रस्टची आहे आणि हा न्यास आपल्या जमिनीवर छंदासाठी डिटेक्टर फिरवू देत नाही. आपल्या पट्ट्याची मालकी क्राउन इस्टेटच्या नकाशावर तपासून घ्या.

आता यंत्राविषयी. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओली वाळू स्वतःच यंत्राला धातूसारखी भासते. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे यंत्र कोरड्या वाळूवर उत्तम काम करते आणि पाण्याच्या रेषेजवळ आले की गोंधळते, तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे यंत्र मिठाचा हा परिणाम वजा करू शकते. आपले यंत्र पहिल्या प्रकारचे असावे. ते बदलेपर्यंत सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करा, कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची वाटोळी चकती, वाळूला जवळजवळ टेकवून सपाट ठेवा आणि पाण्याच्या रेषेला समांतर चाला, म्हणजे ओलावा एकसारखा राहील आणि आवाज बराच शांत होईल. चांदी ही सर्व धातूंमध्ये सर्वाधिक वीजवाहक असल्यामुळे तिचा आवाज उंच आणि स्वच्छ येतो आणि चारही दिशांनी कॉइल फिरवली तरी तो तुटत नाही. खिळ्याचा आवाज एका बाजूने गोड लागला तरी नव्वद अंशांतून वळून पाहिल्यावर फुटतो. हा फरक कानात बसायला मला एक हिवाळा लागला.

आपल्याला ती जागा वाऱ्याने दाखवली, हे आपण बरोबर हेरले आहे. उन्हाळ्यात शांत लाटा वाळू वर आणून टाकतात आणि नाणी त्या वाळूखाली खोल जातात. हिवाळी वादळात हीच वाळू ओढली जाते, आणि जड वस्तू मात्र खाली सरकत सरकत खडू, चिकणमाती किंवा गोट्यांच्या कठीण थरावर जाऊन थांबतात. समुद्र वस्तूंची वजनानुसार प्रतवारी करतो, म्हणून शिशाची वजने आणि जुने खिळे जिथे एका ओळीत दिसतील तिथे थांबायचे आणि पावलापावलावर शोधायचे. आपल्या दोन्ही नाण्यांच्या जागा खुणेने लिहून ठेवल्या आहेत का? नसतील तर आजच तिथे जाऊन फोनवरून अक्षांश-रेखांश टिपा. काही वर्षांपूर्वी मला एका आठवड्यात तीन जुनी नाणी मिळाली होती आणि ‘लक्षात राहील’ असे म्हणून मी जागा लिहिल्या नाहीत. आज त्यांच्याविषयी ‘कॉर्नवॉलचा किनारा’ यापलीकडे मला काहीही सांगता येत नाही आणि ही खंत गेलेली नाही.

सागरवेडी

माझ्या मनात एक प्रामाणिक शंका आहे. कळवले की सरकार नाणी काढून घेते, असे अनेकजण म्हणतात. समुद्राने दिलेले एखादे नाणे आठवण म्हणून ठेवण्यात इतके काय बिघडते?

ओहोटी

सागरवेडी, ही भीती बरीच पसरलेली आहे, पण प्रत्यक्षात तसे होत नाही. ट्रेझर ठरलेली वस्तू एखाद्या संग्रहालयाला हवी असेल, तर तज्ज्ञांची समिती तिचे बाजारमूल्य ठरवते आणि तेवढी रक्कम शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात साधारणपणे वाटून दिली जाते. कोणत्याही संग्रहालयाला ती नको असेल, तर ती परत मिळते. ट्रेझर नसलेली नाणी तर नोंद करून परतच देतात. 1997 पासून सुरू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या नोंदणी योजनेच्या माहितीसाठ्यात अशा दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे आणि त्यांतील बहुतेक वस्तू शोधणाऱ्यांच्याच घरी आहेत. आठवण आपल्याकडेच राहते. फक्त ती कुठे मिळाली, हे सर्वांसाठी लिहिले जाते.

टांकसाळ

केंटवासी, आपले पहिले नाणे पहिल्या एलिझाबेथ राणीचे सहा पेन्सांचे आहे, याविषयी मला शंका नाही. तिच्या राज्यात जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या नाण्यांची किंमत सामान्य माणसाला ओळखता यावी म्हणून 1561 पासून काही नाण्यांवर राणीच्या डोक्यामागे गुलाब आणि मागच्या बाजूला सन घालण्यात आले, तर काहींवर ते घातले नाही. सहा पेन्सांच्या नाण्यावर गुलाब आहे, शिलिंगवर नाही. दुसरे नाणे पहिल्या जेम्सचे आहे. त्याच्या काळात गुलाबाऐवजी रोमन आकड्यातच किंमत घालू लागले आणि सहाचा आकडा म्हणजे तेही सहा पेन्सांचेच. जेम्सचे राज्य 1603 ते 1625 असे होते. दोन्ही नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली आहेत, म्हणूनच त्यांच्या कडा अशा वेड्यावाकड्या आहेत.

‘दोन वेगळ्या राज्यकर्त्यांची नाणी आहेत, म्हणजे ती एकाच ठेव्यातील नसणार’ असा समज करून घेऊ नये. एलिझाबेथची चांदी तिच्या मृत्यूनंतर कित्येक दशके बाजारात फिरत होती. 1696 मध्ये इंग्लंडने जुनी ठोकीव नाणी चलनातून काढून नवी पाडायला घेतली, तोवर दोन्ही राज्यकर्त्यांची नाणी एकाच बटव्यात असणे अगदी नेहमीचे होते.

चौथा आकडा गेला तरी सर्व काही गेलेले नाही. राणीच्या डोक्यावर, कडेच्या अक्षरांच्या सुरुवातीला, टांकसाळीचे एक बारीक चिन्ह असते आणि ते ठरावीक काळाने बदलत असे. कंदिलाचा उजेड एका बाजूने, अगदी आडवा पाडून भिंगातून पाहा. तिथे पाच पाकळ्यांचे रानगुलाबाचे फूल दिसले तर नाणे 1573 ते 1578 या दरम्यानचे, साधा क्रूस दिसला तर त्यानंतरचे. आडव्या उजेडात झिजलेल्या रेषांचीही सावली पडते. तीस वर्षांच्या छंदात मी या एका युक्तीवर सर्वाधिक विसंबलो आहे.

आता स्वच्छतेविषयी, कारण हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे. समुद्रातून आलेल्या चांदीवरचा काळा थर हा मळ नसतो. वाळूच्या खोल, प्राणवायू नसलेल्या भागात गंधक आणि चांदी यांचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते. मिठातील क्लोरीनमुळे करड्या-जांभळ्या रंगाचे सिल्व्हर क्लोराइडही तयार होते. म्हणजे तो थर नाण्याच्याच चांदीतून झालेला असतो आणि पुष्कळदा चेहऱ्याच्या, अक्षरांच्या उठावाचा वरचा भाग त्या थरातच शिल्लक राहिलेला असतो. आपण थर घासतो तेव्हा ठसाच घासत असतो. रांगोळी, चिंच-मीठ, टूथपेस्ट हे उपाय जाड भांड्यांसाठी आहेत. कागदाइतक्या पातळ, समुद्राने आधीच झिजवलेल्या नाण्याला ते सोसत नाहीत. खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल हा सर्रास सुचवला जाणारा उपायही टाळा. नाणे चकचकीत दिसते, पण पृष्ठभाग खरबरीत होतो आणि बारीक अक्षरे जातात.

दुसरे नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि पंधरवडाभर हे चालू द्या, म्हणजे आत मुरलेले मीठ हळूहळू बाहेर येईल. नंतर ते मऊ कापडावर सावलीत वाळू द्या. पुसू नका, टेकवून पाणी टिपा. फाइंड्स लायझन ऑफिसर नाणे लगेच पाहणार असेल तर हेही करू नका. नाणे जसे आहे तसे न्या आणि पुढचे त्याच्या सल्ल्याने करा.

सापडलेली वस्तू जशीच्या तशी ठेवण्याचे महत्त्व किती आहे, याचे एक उदाहरण आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. 1961 मध्ये श्रीलंकेच्या दक्षिणेस ग्रेट बासेस या खडकांजवळ एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत औरंगजेबाचे चांदीचे रुपये होते. सगळे सुरतेच्या टांकसाळीचे आणि हिजरी 1113 या एकाच सनाचे. ते एकमेकांना चिकटून पिशव्यांच्या आकाराचे गठ्ठे झाले होते. ते गठ्ठे पाहिल्यावरच समजले की ही कोणाची साठवलेली जुनी पुंजी नव्हती. टांकसाळीतून नुकतेच निघालेले कोरे रुपये पिशव्यांत मोजून भरून व्यापारासाठी पाठवले जात होते. ते गठ्ठे लगेच फोडून रुपये चमकवून विकले असते, तर हाती फक्त काही चांदीचे रुपये उरले असते.

गुहागरविषयी कायद्याचे दुसरे कोणी सांगतील. मी एवढेच सांगतो की वाशिष्ठीच्या मुखाशी, गुहागरच्या उत्तरेला दाभोळ आहे आणि आदिलशाहीच्या काळात या बंदरात ‘लारी’ नावाचे चांदीचे चलन चालत असे. लारी म्हणजे गोल नाणे नव्हे. चांदीची तार मध्ये दुमडून, सपाट करून, तिच्यावर फारसी ठसा मारलेला असतो. इराणच्या आखाताजवळच्या लार या गावावरून तिला हे नाव पडले. केसांच्या आकड्यासारखी दिसणारी ती काळी पडलेली तार न ओळखणाऱ्याच्या हातून सहज कचऱ्यात जाऊ शकते. म्हणून कोकणात कोणालाही वाळूत अशी दुमडलेली तार मिळाली, तर ती सरळ करू नये आणि फेकूही नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

महसूल_निवृत्त

मी चिपळूणला असतो आणि माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली, त्या आधारावर लिहितो.

भारतात 1878 चा ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’ आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाल्यास ती काय आहे, किती आहे, कुठे आणि कोणत्या तारखेस मिळाली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा ती हजर करण्याची हमी द्यावी लागते. दहा रुपये ही मर्यादा मूळ कायद्यातली आहे, त्यामुळे आज चांदीचे कोणतेही नाणे तिच्या वर जाते. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चौकशीनंतर शासनाला ती वस्तू हवी असल्यास धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश अधिक, एवढी रक्कम देऊन ती घेता येते.

जागेचा प्रश्नही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार भरतीच्या रेषेखालील समुद्राचा आणि खाड्यांचा तळ शासनाच्या मालकीचा आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, जंजिरा हे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. अशा संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उकरणे हा गुन्हा आहे आणि त्या क्षेत्राभोवतीचे 100 मीटर प्रतिबंधित तर त्यापुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र मानले जाते. इंग्लंडमध्ये छंदासाठी यंत्र फिरवणाऱ्यांकरिता जी नोंदीची सोय आहे, तशी आपल्याकडे नाही. किनाऱ्यावर यंत्र घेऊन खणणारा माणूस दिसला की ग्रामस्थ पोलिसांना बोलावतात, आणि गुप्तधनाच्या नावाखाली आपल्याकडे किती जागा उकरून टाकल्या गेल्या हे पाहता त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. म्हणून यंत्र आणू नका. 

शंभर वर्षांहून जुने नाणे भारताबाहेर नेण्यासही 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात ठेवा. वाळूत चालताना एखादे नाणे नुसते डोळ्यांना दिसले, तर तहसीलदार कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात जागा लिहिताना ‘समुद्रकिनारी’ एवढेच लिहू नका. जवळचे देऊळ, पाखाडी, सुरूचे बन किंवा खाडीचे मुख यांपासूनचे अंतर लिहा.

एक गोष्ट कोकणापुरती. रत्नागिरीला मांडवीकडच्या बाजूस ‘काळा समुद्र’ आणि पलीकडे ‘पांढरा समुद्र’ असे म्हणतात. काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजे असतात. ओहोटी यांनी सांगितलेल्या मिठाच्या जोडीला हे खनिज आले, तर यंत्राचे काय होत असेल हे तेच सांगू शकतील.

ओहोटी

खनिजयुक्त काळी वाळू आणि खारे पाणी एकत्र आले की बहुतेक साधी यंत्रे निरुपयोगी होतात, कारण एकासाठी यंत्र जुळवावे तर दुसऱ्यासाठी ते बिघडते. अशा ठिकाणी पल्स इंडक्शन प्रकारचे यंत्र चालते, पण ते लोखंड आणि चांदी यांत फरक करत नाही आणि प्रत्येक खिळा खणून पाहावा लागतो.

केंटवासी

सर्वांचे मनापासून आभार. ओहोटी यांचा निरोप वाचल्यावर त्याच रात्री ईमेल केला आणि तेराव्या दिवशी दोन्ही नाणी दाखवून आलो. त्याआधी सकाळी किनाऱ्यावर गेलो होतो. वाळू पुन्हा भरू लागली होती आणि खडकाची ती खाच अर्धी बुजली होती, तरी दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश टिपता आले.

टांकसाळ यांनी सांगितल्याप्रमाणे उजेड आडवा पाडून पाहिले. राणीच्या मुकुटाच्या वर, जिथे मला नुसती खरवड दिसत होती, तिथे पाच पाकळ्या एकेक करून मोजता आल्या. अधिकारी बाईंनीही भिंगातून तेच फूल पाहिले. त्यांनी दोन्ही नाणी पावती देऊन ठेवून घेतली आहेत. दोन नाण्यांना एकच ठेवा मानायचे की नाही, हे अजून ठरायचे आहे. जेम्सच्या नाण्यावरचा काळा थर त्यांनी तसाच राहू दिला आणि थराच्या आतून ढालीवरचा सन त्यांना पूर्ण वाचता आला : 1605.

एलिझाबेथच्या नाण्याच्या नोंदीत सनाच्या रकान्यात त्यांनी 157 लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले आणि शेरा लिहिला : ‘अलीकडे घासल्यामुळे पृष्ठभाग झिजलेला’. डिसेंबरमध्ये मी यंत्र इथेच ठेवून गावी जाणार आहे. आईला मात्र सांगितले आहे की माळ्यावरच्या डब्यातील आजोबांचे चांदीचे रुपये या दिवाळीत रांगोळीने घासू नयेत.